ओला किल्ला

दुपारी अडीचला एम्रिसने आमच्या परसात किल्ला उभा केला.
चार बुरूज, पिवळे-जांभळे, आत नुसती हवा.
सहा खुंट्या ठोकल्या, प्रत्येक ओढून बघितली,
मग म्हणाला, पाऊस आला तर आधी मुलं, मग वीज,
मग बाकी सगळं. हा क्रम उलटा करायचा नाही.
आणि निघून गेला, स्केटीत दुसऱ्या वाढदिवसाला दुसरा किल्ला बांधायला.

स्वान्सीचा पाऊस विचारून येत नाही.
समुद्राकडून टेकडी चढून येतो, शेजारणीच्या मांजरासारखा,
आणि सरळ ताटात तोंड घालतो.
तीन दहाला केकवर पहिला थेंब.

आत नऊ मुलं. त्यातला एक माझा, निहार, आज सहा पूर्ण.
बास, उतरा, म्हटल्यावर उतरली असती तर ती मुलं कसली.
ओल्या रेक्झिनवर पाय सटकला,
बेथनचं कपाळ टोमोसच्या गुडघ्यावर आपटता आपटता राहिलं.
मी तोंडाशी गुडघे टेकून बसले
आणि वॉर्डातल्या आवाजात बोलले, जो मी घरी आणत नाही.
सगळ्यात लहान आधी.
मग मोजे घातलेले, कारण ते जास्त घसरतात.
बसून, माझा हात धरून, उडी न मारता.
डोकी मोजली, नऊ.
पुन्हा मोजली.

मग हात पुसले, बोटांच्या बेचक्यांतसुद्धा,
आणि घरात जाऊन भिंतीवरचं बटण बंद केलं.
बाहेर पंख्याची घरघर थांबली.
किल्ला लगेच पडला नाही.
आधी बुरुजांनी माना टाकल्या, मग तट खचला,
मग एक लांब उसासा, आणि गवतावर नुसता रंगीत ढीग.
खिडकीला नाक लावून निहार म्हणाला, हरला.
हरला नाही रे, तह केलाय.
तह म्हणजे काय, हे केक कापता कापता टोमोसला इंग्रजीत सांगू गेले,
त्याला वाटलं केकच्या वाटणीबद्दलच काहीतरी आहे.
तसं फार चुकलं नव्हतं त्याचं.

पाचला उघडलं. पाहुणे गेले.
पंखा झाकणाखाली कोरडा होता, वायरही; दोनदा बघितलं,
मग हवा सोडली. किल्ला डुगडुगत उठला.
आता नाचू? नाही.
फुगलेला दिसतो म्हणून कोरडा असतो असं नाही.
हे मी निहारला म्हणाले आणि उगाचच गप्प झाले.

घरातले सगळे टॉवेल घेऊन आत रांगले.
पुसावं तेवढं शिवणीतून आणखी येत होतं,
कुठून येतं कळत नव्हतं, हवा ढकलत होती, पाणी पाझरत होतं.
आई आणि सुमनमावशी ओली गोधडी दोन टोकांना धरून पिळायच्या,
एक डावीकडे पीळ द्यायची, एक उजवीकडे,
मधे पाण्याची दोरी सुटायची.
याला पिळता येत नाही.
आणि समोरचं टोक धरायला कोणी नव्हतं.

आठला एम्रिस आला. हाताची मागची बाजू शिवणीवर फिरवली,
जसा आपण ताप बघतो.
अजून आहे, म्हणाला. ओला गुंडाळला तर मंगळवारपर्यंत बुरशी,
आणि माझ्या व्हॅनमध्ये कोरड्यांच्या शेजारी ठेवणार नाही मी हा.
मग? मग तुमचा जिना.
त्याने एक टोक धरलं, मी एक.
ईन, दाय, त्री, तो म्हणाला.
मी एक, दोन, तीन. वजन एकाच वेळी उचललं गेलं.

त्या रात्री कठड्यावर दोन बुरूज लोंबत होते,
तट बैठकीतल्या खुर्च्यांवर, दार स्वयंपाकघरात.
खाली पातेलं. टप.
बऱ्याच वेळाने पुन्हा टप.
निहार वरच्या पायरीवर बसून राखण करत होता,
साडेनऊला तिथेच लुढकला.

सकाळी ड्यूटीला निघण्याआधी एकेक घडी उलगडून बघितली.
सगळं कोरडं. फक्त कोपऱ्यात एक मोजा,
डाव्या पायाचा, हिरवा, अजून ओला.
आमचा नाही.